नाकाचा पहिला निकाल

अत्तर म्हटलं की आपल्याला गुलाब, मोगरा, केवडा, चंदन आठवतं. पण जपानी फॅशन डिझायनर रेई कावाकुबो यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘कॉम दे गार्सों’ या ब्रँडने १९९८मध्ये ‘ओडर ५३’ आणि २०००मध्ये ‘ओडर ७१’ अशी दोन अत्तरं काढली. पहिल्यात वाऱ्यावर वाळणारे कपडे, नेलपॉलिश आणि जळकं रबर. दुसऱ्यात तापलेल्या बल्बवरची धूळ, झेरॉक्स मशीनचा गरम टोनर, पेनातली शाई आणि नुकतं टोक केलेली पेन्सिल. रोजच्या जगण्यातले, कुणी मुद्दाम न हुंगलेले हे वास त्यांनी मानाने कुपीत भरले.

असं अत्तर मनगटावर लावलं की पहिली काही मिनिटं नाक आक्रसतं. धातूचा, धुळीचा वास अंगाला कशाला, असं वाटतं. मी मनगट धुतलं नाही, थांबले. हळूहळू तो तिखटपणा ओसरला आणि मागून लाकूड आणि धुपाची ऊब आली. यात चमत्कार काही नाही. हलके रेणू आधी उडून जातात, जड रेणू त्वचेवर तासन्‌तास रेंगाळतात. त्यामुळे कोणत्याही अत्तराचा पहिला दरवळ म्हणजे ते संपूर्ण अत्तर नव्हे.

पण नाकाला धीर नसतो. वासाचा संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृतींच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेला आहे. वास आला की आवड-नावड लगेच ठरून जाते, आणि ती बरीचशी शिकलेली असते. मोगऱ्याच्या सुगंधात इंडोल नावाचं द्रव्य असतं. तेच विष्ठेतही असतं. गजऱ्यात आपण ते कौतुकाने माळतो, कारण तिथे त्याचं प्रमाण अल्प असतं, सोबत दुसरे सुगंध असतात आणि लहानपणापासून त्याला सणाची, आईची, देवघराची ओळख जोडलेली असते.

नाक आवड शिकतं, तसं ते तिरस्कारही शिकतं. ही गोष्ट मला अत्तरापेक्षा मोठी वाटते. आपल्याकडे माणसांना दूर ठेवण्यासाठी वासाचा वापर फार झाला आहे. मासळीची पाटी घेऊन लोकलमध्ये चढणाऱ्या कोळणीकडे पाहून नाकाला रुमाल लावला जातो. घर भाड्याने देताना स्वयंपाकघरात काय शिजतं, हे आधी विचारलं जातं. चामडं कमावणाऱ्यांना, गटारं साफ करणाऱ्यांना तर पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं गेलं. कोणाच्या तरी श्रमाचा, कोणाच्या तरी जेवणाचा वास आपल्याला ‘घाण’ वाटला आणि त्या घाणीचा शिक्का आपण थेट माणसावर मारला.

वेगळ्या वाटेने जाणारं अत्तर लावून बघण्याचं मोल मला इथे दिसतं. ही अत्तरं महाग असतात, ती विकत घ्यायलाच हवीत असं मुळीच नाही. दुकानात कागदाच्या पट्टीवर नमुना मिळतो. तोही नको असेल तर सुकटीचा, ओल्या चामड्याचा, छापखान्याच्या शाईचा, गोठ्याचा वास एकदा लक्ष देऊन घ्या. त्यात गोड काय, खारट काय, धुरकट काय, ते वेगवेगळं करून पाहा. शिकलेली नावड अशी थोडी-थोडी सुटते.

आवडलं नाही तर नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहेच. फक्त तो निकाल पहिल्या मिनिटाला देऊ नका. आज एखादा अनोळखी वास आला, तर नाकावर रुमाल धरण्याआधी तो कुठून येतोय आणि त्यामागे कोणाचे कष्ट आहेत, एवढं स्वतःला जरूर विचारा.