वरून दिसणारी हिरवळ



१९७२ साली, आपल्याकडे मोठा दुष्काळ पडला त्याच वर्षी, पहिला लँडसॅट उपग्रह आकाशात गेला. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. तो फरक मोजून कुठला माळ हिरवळला हे कळते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ पासून पाणलोटाचे काम झाले, चराईबंदी पाळली गेली, उघडे डोंगर हिरवे झाले. काम चांगलेच. पण बंदीची झळ ज्या भूमिहीन शेळीवाल्याला बसते, तो चित्रात कुठे असतो? तिसगावातील एखादी बाग चित्रात दिसेल. तिच्या बोअरने शेजारची विहीर आटली का, हे दिसणार नाही. चित्र खोटे नाही, अपुरे आहे, असे आम्ही मानतो. रानातल्या झऱ्यापाशी देवदूताने हागारेची विचारपूस केली, नुसता झरा पाहिला नाही. असे चित्र ग्रामसभेत लावले, तर शेळीवाल्याला पुढे बसवून आधी त्याचे ऐकावे.