भाकरीची लाज

बसा. मागे भिंतीला टेकून उभे आहेत त्यांनीही बसा, आज पाच मिनिटांत सुटका नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना मी याच वर्गात गणित शिकवलंय, तेव्हा अहो-जाहो माझ्याकडून होणार नाही.

परवा प्रार्थनेच्या रांगेत नववीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. ऊन नव्हतं, ताप नव्हता. तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस? म्हणाली, चहा-बिस्कीट. रात्री? नूडल्स. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. या वयाच्या मुलीला निदान बारा हवं. तिचा बाप मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू पेरतो. नाव घेत नाही, ज्याची आहे त्याने मान खाली घातलीच आहे. इतरांनी त्याच्याकडे बघू नका, आपापल्या पोरांचे डबे आठवा. मागच्या आठवड्यात मी मोजले. बेचाळीस पोरांत भाकरी सात डब्यांत.

आठवीपर्यंत शाळेत निदान खिचडी मिळते. नववीत गेलं की डबा तुमचा, आणि तुम्ही काय देता? पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा.

अरे, आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली साऱ्या जगाने भरडधान्यांचं वर्ष पाळलं, तेही आपल्या देशाने मांडलेल्या प्रस्तावावरून. तुम्ही ते कसं पाळलंत? मालदांडी ज्वारीची पोती अडत्याला घातली आणि परतताना बिस्किटांचा बॉक्स आणला. तिकडे पुण्यातले लोक तीच ज्वारी पाकिटातून विकत घेऊन मिरवत खातात.

पुडा उलटा करून वाचायला शिका. मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात आणि नियम असा, की वजनाने जे जास्त ते आधी. वाचा मोठ्याने. मैदा, साखर, पामतेल. पुढच्या बाजूला दुधाची धार छापलीय ना, त्या दुधाचं नाव यादीत कितव्या नंबरावर आहे तेही बघा. मैदा म्हणजे कोंडा आणि अंकुर काढलेला गहू. लोह, चोथा, ब जीवनसत्त्व बहुतेक ज्या भागात असतं, तोच काढतात. तो कोंडा जातो गोठ्यात. म्हणजे तुमची म्हैस तुमच्या पोरीपेक्षा बरं खाते. हसू नका, मी विनोद करत नाहीये.

आयकमन नावाचा एक डच डॉक्टर जावा बेटावर होता, १८९० च्या सुमाराला. त्याच्या लक्षात आलं, की पांढराशुभ्र सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ मिळाला की पुन्हा उभ्या राहतात. १९२९ साली त्याला नोबेल मिळालं. कोंबड्यांकडून शिकलेला हा धडा आपण अजून घोकतोय.

आता म्हणाल, बाई, परवडत नाही. ही थाप माझ्यापुढे मारू नका. रोजचे दोन पुडे म्हणजे महिन्याचे तीनशे रुपये, एका पोराचे. तेवढ्यात दोन किलो शेंगदाणे येतात. वेळ नाही म्हणाल, तर भाकरी आईनेच थापायची असं कुठे लिहिलंय? तुझे हात मोडलेत का रे?

खरं कारण त्या पोरीनेच सांगितलं. म्हणाली, भाकरी आणली की बाकीच्या हसतात.

म्हणजे अडचण पैशाची नाही, लाजेची आहे. आणि ही लाज पोरांना शाळेत लागली नाही, घरात लागली. पाहुणे आले की तुम्ही भाकरीची टोपली झाकता. ‘आमच्या बंटीला भाकरी चालतच नाही’ हे चारचौघांत कौतुकाने सांगता, जणू त्याला स्कॉलरशिप मिळालीय. ज्या भाकरीवर तू वाढलास, तिच्याबद्दल पोरासमोर नाक मुरडतोस. मग पोर काय शिकणार?

आमचंही चुकलंय, तेही ऐका. स्नेहसंमेलनात बक्षीस घेतलेल्या पोरांना वेफर्स आणि कोल्ड्रिंक आम्हीच वाटलं. मी स्वतः वाटलं. पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर, आणि आम्ही ती शाबासकी म्हणून दिली. यंदा ते होणार नाही.

मी कुणाकडे बदाम-पिस्ते मागत नाही. ज्वारीची भाकरी, त्याबरोबर मटकीची उसळ नाहीतर हुलग्याचं माडगं. नुसती भाकरी आणि शेंगाचटणी मात्र पुरत नाही, हे नीट ऐका. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. आपल्या आज्यांना लायसिन ठाऊक नव्हतं, पण ताटात दोन्ही वाढायचं ठाऊक होतं. मेथीचा घोळाणा करा, त्यावर लिंबू पिळा. लिंबाने लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा ढोसला की तेच लोह बरंचसं वाया जातं. थंडीत बाजरी आणा. अंडं चालतं त्यांनी अंडं द्या. धपाटं तर डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतं, दह्याचीही गरज नाही.

पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींत एकोणसाठ जणींच्या अंगात रक्त कमी, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो. त्यातल्या काही खिडकीबाहेर जातात, वेचून आणल्यात मी. आणि पोटात गेली तरी आठवड्याची एक गोळी सात दिवसांच्या चहा-बिस्किटांना किती पुरी पडणार?

सोमवारी मधल्या सुट्टीत नववीच्या वर्गात मी माझा डबा उघडून बसणार आहे. भाकरी आणि मटकी. पोरांना एका शब्दाने बोलणार नाही. ज्याच्या डब्यात पुडा निघेल, त्याच्या बापाला फोन लावीन, सगळ्या वर्गासमोर, स्पीकरवर.

उठा आता. व्हरांड्यात ताक ठेवलंय, पिऊन जा. बिस्किटं कुठेत म्हणून शिपायाला विचारू नका.