माईची मालवणी

मालवण

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र पोचलं. मालिकालेखनाच्या वर्गात तू आवडती मालिका म्हणून ‘रात्रीस खेळ चाले’चं नाव घेतलंस आणि मुलं हसली, हे वाचून वाईट वाटलं. भुताची मालिका एवढंच त्यांना ठाऊक असेल. त्यांना काय सांगायचं ते मी लिहिते.

२२ फेब्रुवारी २०१६ ला झी मराठीवर ती सुरू झाली. वेळ रात्री साडेदहाची. आमच्याकडे तोवर निजानीज झालेली असते, पण त्या वर्षी आमच्या वाडीतले दिवे उशिरापर्यंत जळत. चित्रीकरण कुडाळ तालुक्यातल्या आकेरीत, खऱ्याखुऱ्या जुन्या घरात. खळं, पडवी, मागचं परसू सगळं आपलं. पुढे लोक वाट वाकडी करून ते घर बघायला जाऊ लागले, मीही गेले.

पण माझा जीव जडला तो बोलण्यावर. मालवणी आपण रंगमंचावर ऐकत आलो. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी आपली बोली साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली. त्यांचं ऋण मोठं आहे. तरी ती ऐकून लोक हसायचे. आपल्या दशावतारातसुद्धा राजा भारदस्त ग्रांथिक मराठीत बोलतो, आणि मालवणी येते ती हसवणाऱ्याच्या तोंडी. या मालिकेत मात्र माणसं मालवणीत रडली, भ्याली, खोटं बोलली, भावाच्या अंगावर धावून गेली. शकुंतला नरे यांची माई बघ. नवऱ्याच्या धाकात हयात गेलेली बाई. ती बोलायला लागली की कोणाला हसू येत नसे. रोज रात्री, नागपूर-नाशकाच्या घरांतही, आपली बोली दुःखाची भाषा म्हणून ऐकली गेली. म्हणून मला ही मालिका थोर वाटते.

आणि घरचा गडी पांडू! प्रल्हाद कुडतरकरांनी ती भूमिका केली, शिवाय मालिकेच्या लेखनातही ते होते. त्याचं ‘इसारलंय’ पोराटोरांच्या तोंडी बसलं. पण पांडूचं घाबरणं खरं होतं, आणि सगळं दिसत असून कोणी त्याचं ऐकत नाही, ही त्याची व्यथाही.

भुतांबद्दल लिहायलाच हवं. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असा आक्षेप तेव्हा जिल्ह्यातूनच निघाला. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, त्यामुळे हा विषय ताजा होता. आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ मला पटते. पण कथा नीट बघितलीस तर घराला ग्रासणारी गोष्ट वेगळीच दिसेल. माईचे यजमान अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात आणि मागे राहते ती इस्टेट. मुंबईचा मुलगा माधव, गावात राबणारा त्याचा भाऊ दत्ता, दोघांच्या बायका, हक्क मागायला आलेली सुशल्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं असतात. सह्या करायला मुंबईकर गणपतीत येतात, आणि आरती संपते न संपते तोच आवाज चढतात. पुढे घराला कुलूप लागतं, कौलं फुटतात, आत पाणी गळत राहतं. किती घरांत हे झालंय! ती भीती या मालिकेने पकडली. घरात काही वाईट घडलं की भुताखेताचं, देवचाराचं नाव घ्यायचं आणि माणसांनी केलेलं झाकायचं, हेही तिने दाखवलं.

दुसरं पर्व जानेवारी २०१९ मध्ये आलं, पहिल्या पर्वाच्या आधीची कथा घेऊन. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि त्यांची प्रेयसी, अपूर्वा नेमळेकरांची शेवंता, यांनी महाराष्ट्र वेडा केला. अण्णांचा तो नुसता बघण्यातला दरारा मीही श्वास रोखून पाहिला. पण माझ्या मते पहिलं पर्वच श्रेष्ठ. २०२१ च्या तिसऱ्यात अण्णा-शेवंताच भुतं होऊन आले, आणि भुताला चेहरा मिळाल्यावर माझी भीती गेली.

वर्गात हे सगळं निर्धास्त सांग. मालिका रोजची असते, भाग वाढवावे लागतात, काही प्रसंग रेंगाळतात, तेही कबूल कर. त्याने प्रेमाला बाधा येत नाही. मग माईचा एखादा प्रसंग त्यांना दाखव, आवाज मोठा ठेवून.

आणि तुझं स्वतःचं काय? पुण्यात गेल्यापासून तू मला फोनवरसुद्धा प्रमाण मराठीत बोलतेस. तुझ्या पहिल्या संहितेत एक तरी बाई मालवणीत बोलू दे, मनातलं सगळं बोलू दे. लिहून झालं की आधी माका धाड.

तुझी
आत्या