देवाला न मानणाऱ्यास नीती असते काय?

ज्याला देवाचे भय नाही त्याला कशाचेच भय नाही, आणि जो देव मानीत नाही त्यास पापाची टोचणी ती कोठून असणार, असे आपल्या खेडेगावांतील मंडळ्यांत पुष्कळदा बोलले जाते. उपदेशाच्या ओघातही हा विचार सहज तोंडी येतो. परंतु सहज तोंडी येणारी गोष्ट खरीच असते असे नाही. शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्याची आपणास मनाई आहे. म्हणून त्याच्या नीतीविषयी निवाडा करण्यापूर्वी ह्या प्रश्नाचा शांत चित्ताने विचार करावा, असे आम्हास वाटते.

प्रथम आपल्याच महाराष्ट्रातील एका पुरुषाचे उदाहरण घेऊ. गोपाळ गणेश आगरकर ह्यांचा जन्म 1856 साली कऱ्हाडजवळ टेंभू येथे झाला. ईश्वर आहे किंवा नाही हे मनुष्यास निश्चित कळणे शक्य नाही, असे त्यांचे मत होते. एम. ए. झालेल्या मनुष्यास त्या काळी सरकारी नोकरी व मोठा पगार सहज मिळत असे. ते सोडून त्यांनी अल्प वेतनावर शिक्षकाचे काम पत्करले. 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढले आणि विधवांचे हाल, बालविवाह व स्त्रियांचे अज्ञान ह्यांविरुद्ध निर्भयपणे लिहिले. विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते डगमगले नाहीत. 1895 साली, चाळिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. ह्या मनुष्यास परलोकी बक्षिसाची आशा नव्हती व नरकाचे भयही नव्हते. मग त्यास नीती नव्हती असे कोण म्हणेल?

फार दूर जाण्याचेही कारण नाही. परभणी जिल्ह्यात बौद्ध बंधूंची वस्ती पुष्कळ आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी नागपूर येथे दीक्षा घेतली, आणि त्यानंतर मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांनी तोच मार्ग धरला. सृष्टी निर्माण करणारा ईश्वर ते मानीत नाहीत. तरी हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मादक पदार्थ ह्यांपासून दूर राहण्याचे पंचशील ते घेतात. डॉ. आंबेडकर ह्यांचा धम्मावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. इतर धर्मांत जे स्थान ईश्वराचे, ते धम्मात नीतीचे, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले आहे. असा शेजारी जेव्हा दारू सोडतो व मुलांस शाळेत धाडतो, तेव्हा त्याच्या त्या चांगुलपणास आपण काय नाव देणार?

आता दुसरी बाजू पाहू. 1972 ते 1974 ह्या काळात ह्याच जिल्ह्यातील मानवत येथे कित्येक स्त्रिया व अल्पवयीन मुली ह्यांचे खून झाले. गुप्तधन मिळावे म्हणून हे बळी दिले गेले, असे तपासात पुढे आले. अदृश्य शक्ती रक्ताने प्रसन्न होते अशी श्रद्धा जेथे असते, तेथे अविश्वास नसून दृढ विश्वासच असतो. आणि तोच हात आवरण्याऐवजी हातात शस्त्र देतो. नरबळीसारख्या अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 साली कायदा झाला. त्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्ट रोजी पुण्यात त्यांचा खून झाला.

ह्यावरून दोष व दोषाची टोचणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात येईल. टोचणी बहुतांशी शिकवणुकीवर अवलंबून असते. एके काळी पुनर्विवाह करणाऱ्या विधवेस आपण पाप केले असे वाटे, आणि तिला उपाशी ठेवणाऱ्या दिरास काहीच वाटत नसे. स्पर्शाने विटाळ झाला म्हणून स्नान करणारा मनुष्य वजनात काटा मारताना मात्र निश्चिंत असे. दोष कोठे होता व टोचणी कोठे होती, हे वाचकांनीच पाहावे. कोणास वाटो अगर न वाटो, उपाशी ठेवलेली स्त्री उपाशीच राहते. अपराध मोजण्याचे खरे माप अपराध्याच्या मनात नसते. ज्याची हानी झाली त्याच्या घरी ते असते.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो. ज्यांस नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणात बऱ्यावाईटाची जाण असते, व त्यांची विवेकबुद्धी त्यांच्याविषयी साक्ष देते, असा त्याचा आशय आहे. सूर्य जसा सर्वांच्या शेतावर उगवतो, तसा विवेकही सर्वांस दिलेला आहे. त्यावर आपल्याच मंडळीचे नाव घालणे हा अहंकार होय.

कोणी म्हणेल, मग विश्वासाचे काम ते काय उरले? आमच्या मते काम मोठे आहे, पण ते वेगळे आहे. पेत्राने प्रभूला नाकारले व यहूदा इस्कर्योताने त्याला धरून दिले. टोचणी दोघांसही लागली. यहूदाने तर तीस रुपये परतही केले. तरी एक रडून पुन्हा उभा राहिला व दुसऱ्याने आपला नाश करून घेतला. टोचणी मनुष्यास दारापर्यंत आणते; दार उघडे आहे हे विश्वास सांगतो. जे नुकसान कोणासही भरून देता येत नाही, त्याचे ओझे घेऊन कोठे जावे, ह्याचे उत्तर आपणास तेथे सापडते.

परंतु जे भरून देता येते, त्याविषयी विश्वासाची सबब चालणार नाही. रविवारी क्षमेचे गीत गावे आणि सोमवारी शेजाऱ्याचा बांध कोरावा. प्रार्थनेत अश्रू ढाळावे आणि सालगड्याचे ठरलेले पैसे बुडवावे. असे जेथे होते तेथे विश्वासाने विवेक जागा न करता त्यास निजविले आहे, असेच म्हणावे लागेल. जक्कयाने प्रभूला घरी घेतले, तेव्हा ज्यांस लुबाडले होते त्यांस चौपट परत देण्याचे तो बोलला. देव न मानणारा शेजारी कोरलेला बांध पूर्ववत करतो आणि आपण केवळ क्षमा मागून मोकळे होतो, तर त्या दोघांत देवाच्या इच्छेप्रमाणे कोण चालला?

म्हणून उपदेशक बंधूंस आमची नम्र विनंती आहे, की दुसऱ्यांस नीती नाही असे सांगून विश्वासाचा महिमा वाढवू नये. शेजाऱ्याचा चांगुलपणा मोकळ्या मनाने मान्य करावा. आणि मंडळीतील कोणाकडे दुसऱ्याचे शेत, मजुरी किंवा माप अडकले असेल, तर पुढच्या उपासनेपूर्वी ते त्याच्या घरी पोहोचते करावे.