आधी चर, मग पाणी

शास्त्रपाठ : २ राजे ३:९-२०



तीन राजे आपल्या सैन्यासह सात दिवस रानातून चालत राहिले, आणि माणसांस व जनावरांस प्यावयास पाणी उरले नाही, असे ह्या अध्यायात आपण वाचतो. तेव्हा राजे अलीशा संदेष्ट्याकडे गेले. वारा सुटला नव्हता, ढगाचा पत्ता नव्हता. तरी त्याने त्या कोरड्या खोऱ्यात जागोजाग चर खणावयास सांगितले. पाणी देणे हे देवाचे काम होते. परंतु कुदळ मनुष्याच्या हाती होती. आणि खोरे सर्वांचे असल्यामुळे ते काम एकट्यादुकट्याचे नव्हते.

आपला मराठवाडाही असेच एक खोरे आहे. १९७२ चा दुष्काळ वडीलधारी मंडळी विसरलेली नाहीत. २०१६ साली लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके बुडाली व शेतांतील माती वाहून गेली. कोळसा व तेल जाळल्यामुळे पृथ्वीभोवतीची हवा तापत आहे. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक वाफ मावते; म्हणून पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो, आणि मध्ये दीर्घ उघडीप पडते. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. पडलेला जिरविणे आहे.

मलिक अंबराने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविली, आणि डोंगराकडील पाणी जमिनीखालील नहरीने नगरात आणिले. प्रजेच्या तहानेची काळजी आधीच वाहणे हा कारभाऱ्याचा धर्म होय. आज हा कारभार गावोगावी आपल्याच हाती आला आहे. १९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी, पाणलोट व सामाजिक वनीकरण हे विषय पंचायतींच्या कक्षेत घातले. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. तेथे पोपटराव पवार ह्यांच्या पुढारीपणाखाली गावकऱ्यांनी डोंगरावर चर खणिले, झाडतोड थांबविली, आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली. तेथे पडलेला पाऊस मोजून, किती पाणी आहे व कोणते पीक घ्यावे, हे ग्रामसभेत ठरते.

आपल्या जिल्ह्यातील एका गावी मी उपासनेस गेलो होतो. मंडळीची वस्ती गावाच्या टोकास. टँकर तेथे सर्वांशेवटी येतो. पावसासाठी बंधुभगिनींनी डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना केली. नंतर मी विचारिले, “गेल्या ग्रामसभेस किती जण गेला होता?” एकही हात वर झाला नाही. एक वृद्ध भगिनी म्हणाली, “पाळकसाहेब, आमचं तिथं कोण ऐकतं?” ज्यांच्या आजोबांस गावच्या विहिरीवर चढू दिले नाही, त्यांचे हे दुःख खोटे नव्हे. तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. मी त्यांस प्रार्थना शिकविली होती; पण सभेस कधी सोबत नेले नव्हते.

प्रियहो, चर न खणिता पाण्याची वाट पाहणे हा विश्वास नव्हे. वर्षातून निदान चार ग्रामसभा भरविण्याचा कायदा आहे, आणि त्यांपूर्वी स्त्रियांची वेगळी सभाही व्हावयाची असते. उपदेशक बंधूंनो, सभेची नोटीस उपासनेनंतर वाचून दाखवा. एकट्याने नव्हे, दहा जणांनी जा. तेथे नम्रतेने विचारा : गावात पाऊस किती पडला? कोणता बंधारा फुटला आहे? टोकाच्या वस्तीस पाणी केव्हा मिळेल? उत्तर न मिळाल्यास पुढल्या सभेस पुन्हा जा. आणि केवळ आपल्या वस्तीसाठी मागू नका. ज्यांनी आपणांस दूर ठेविले, त्यांच्या विहिरीसाठीही मागा. ओढ्यात अडविलेले पाणी जमिनीत मुरते तेव्हा ते कोणाची जात विचारीत नाही.

प्रभू आपणांस प्रार्थनेसाठी गुडघे, कामासाठी हात आणि सभेत बोलावयास धैर्य देवो. आमेन.