योगक्षेमाचा हप्ता

दोन तळहातांच्या आडोशाने जपलेली ज्योत आणि तिच्याखाली गीतेच्या नवव्या अध्यायातील योगक्षेमाचे अभिवचन, असे आयुर्विमा महामंडळाचे चिन्ह लहानपणापासून पाहत आलेल्या माणसाला, भगवंताने अनन्य भक्तास विनाहप्ता दिलेले आश्वासन १९५६ साली २४५ विमासंस्था ताब्यात घेऊन स्थापन झालेले सरकारी महामंडळ हप्ता घेऊन कसे देऊ लागले, असा प्रश्न सहसा पडत नाही. मला तो पडला गेल्या श्रावणात, गुलमंडीलगतच्या माझ्या भाड्याच्या खोलीचे छत गळून मोल्सवर्थचा कोश भिजून फुगला आणि संगणक थोडक्यात बचावला तेव्हा.

मी अनुवादक, कोणाचा चाकर नव्हे. योग म्हणजे अप्राप्ताची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे प्राप्ताचे रक्षण, असा शंकराचार्यांचा अर्थ. त्यांपैकी योग गिऱ्हाइकाच्या मर्जीने कसाबसा साधतो, परंतु नोकरदाराच्या क्षेमाची जी तजवीज धनी करतो ती आमच्यासाठी करणारे कोणी नसते. चौकशीअंती कळले की ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही १ एप्रिल २०२१ पासून चालू झालेली पॉलिसी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेस आग, वादळ, पूर यांपासून संरक्षण देते, आणि माझ्या दीड लाखाच्या चीजवस्तूला तिचा हप्ता महिन्याच्या चहापेक्षा जड नाही. किंमत निम्मी दाखवून तोही वाचवावा, तर भरपाईलाही त्याच प्रमाणात कात्री लागते. चुकीच्या अनुवादाने गिऱ्हाइकाचे नुकसान झाले तर ते भरून देणारा उत्तरदायित्वाचा विमा मात्र निराळा आणि माझ्या ऐपतीबाहेरचा. तो तूर्त ईश्वरावर सोडला आहे.

जफर दरवाज्याकडील एका वृद्ध हिमरू विणकराला मी हे सांगितले, तेव्हा अनिश्चित गोष्टीचा सौदा हा जुगारच, असे म्हणून त्यांनी नापसंती दाखवली. मग मागावरचा हात न थांबवता, वर्गणी दान म्हणून एकत्र ठेवावी आणि ज्याचे घर जळेल त्याला त्यातून द्यावे, ही ‘तकाफुल’ची रीत मात्र आपल्याला रुचते, असेही म्हणाले. १९७९ साली सुदानात या तत्त्वावर कंपनी निघाली होती. मला तर आमच्या हप्त्यात आणि त्यांच्या दानात फरक मुख्यतः नियतीचा, म्हणजे हेतूचा, वाटला; कारण माझे छत शाबूत राहील त्या वर्षी माझे पैसेही कोणा अनोळखी माणसाच्या जळालेल्या मागाकडेच जाणार, फक्त ते दिल्याचे पुण्य माझ्या खाती पडणार नाही, कारण मी ते भीतीपोटी दिलेले असतील. अनन्यतेची अट ज्यांना पेलत नाही अशा माणसांनी आपसांत वाटून घेतलेला हा भार आहे, आणि त्यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही.

तरीही श्रद्धेवाचून हा व्यवहार चालत नाहीच. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो: आपल्याला ठाऊक असलेले जोखमीचे कोणतेही कारण अर्जदाराने लपवू नये. एजंटाने प्रस्तावाचा कागद पुढे सरकवला. पूर्वीच्या नुकसानीच्या रकान्यात मी ‘श्रावणात छत गळले, अद्याप दुरुस्त नाही’ असे लिहू लागलो.

“हे लिहायलाच पाहिजे का, सर?” त्याने हळूच विचारले.

मी ‘नाही’ या शब्दाखाली रेघ ओढून कागद त्याच्याकडे दिला.