दोन शास्त्रांच्या सांध्यावर

मावळातल्या उर्से गावाभोवतीचे डोंगर लाव्हाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी प्रवाहावर प्रवाह साचत गेले आणि सह्याद्री घडला. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कडांमध्ये दोन प्रवाहांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबूस पट्टा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. एक प्रवाह थंडावला आणि दुसरा यायचा होता, त्या मधल्या काळाची ती खूण आहे. त्या काळात इथे काय जगत होतं, हे एकट्या भूशास्त्राला सांगता येत नाही आणि एकट्या जीवशास्त्रालाही नाही. भूजीवशास्त्र उभं आहे ते या सांध्यावर, आणि त्यात उतरणाऱ्या तरुणांची अडचणही तिथूनच सुरू होते.

या तरुणांच्या मार्गदर्शकाला बहुधा एकच बाजू नीट येते. खडकाचा जाणकार जनुकांपाशी अडतो, सूक्ष्मजीवांचा जाणकार थरांच्या क्रमापाशी. यात मार्गदर्शकाचा दोष नाही. आपल्या विद्यापीठांचे विभागच तसे आखलेले आहेत. पण त्यामुळे दुसरा गुरू बाहेर शोधावा लागतो, आणि तो भेटण्याची जागा म्हणजे परिषद. इतर विषयांत परिषद चुकली तर एक संधी हुकते. इथे मात्र अर्धं शिक्षणच राहून जातं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं उदाहरण घ्या. तिथल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडले आणि डायनोसॉरच्या काळातही गवत होतं, हे २००५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, ज्येष्ठ पुराजीवशास्त्रज्ञ अशोक साहनी आणि गवताच्या सिलिकाकणांच्या तरुण अभ्यासक कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग यांच्यासारखी माणसं एका शोधनिबंधात आली, म्हणून ते शक्य झालं. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं आणि त्याच्या नमुन्यांतून खोल खडकातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यासही सुरू झाला. लोणारचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा कारण शोधायला पुण्याची आघारकर संस्था पुढे आली. महाराष्ट्रात विषयांची वाण नाही.

वाण आहे ती तरुणांना बोलायला मिळणाऱ्या वेळेची. आपल्या परिषदांत उद्‌घाटन, सत्कार, बीजभाषणं यांत सकाळ संपते. पोस्टर लागतात चहाच्या वेळी, तेही जिन्याजवळच्या मोकळ्या भिंतीवर. अमेरिकेत १९३१ साली नील गॉर्डन यांनी सुरू केलेल्या परिषदांमध्ये आता एक चांगली रीत आहे: मुख्य परिषदेच्या आधीच्या शनिवार-रविवारी पीएच.डी.चे विद्यार्थी आणि नुकतेच पीएच.डी. झालेले संशोधक आपली वेगळी बैठक भरवतात आणि ती स्वतः चालवतात. काम अर्धवट असलं तरी मांडता येतं. मोठ्यांसमोर उभं राहण्याआधी अडाणी वाटणारा प्रश्न विचारून झालेला असतो. मला ही गोष्ट कुठल्याही पारितोषिकापेक्षा मोलाची वाटते.

दुसरी वाण पैशाची. केंद्राची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, आणि ती मिळणारे थोडे. राज्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी पुण्यात आंदोलनं करावी लागली आहेत. अशातल्या एखाद्या मुलीला परिषदेला यायचं असेल तर आपण सांगतो की नोंदणी, गाडीभाडं, खोली यांचे पैसे आधी भर, मग बिलं जोड, परतावा मिळेल. ज्यांच्या घरी पंधरा हजार उसने मिळतात त्यांचंच विज्ञान यातून पुढे जातं. प्रवासाला निघण्याआधीच पैसे हातात पडले पाहिजेत. यात दयेचा प्रश्न नाही. नांदेड-गडचिरोलीहून येणारीला तिथल्या मातीची आणि पाण्याची जी ओळख असते, ती आपल्याला हवी आहे.

सह्याद्रीतल्या याच तांबूस पट्ट्यांतले झिरकॉनचे कण वेचून प्रिन्स्टनच्या संशोधकांनी लाव्हाचं वय काढलं. २०१९ च्या त्या निबंधात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खद्री सहलेखक होते. असे सहलेखक आणखी हवे असतील, तर सुरुवात उर्से परिसरातच करता येईल. पुण्याची आयसर आणि आघारकर, मुंबईची आयआयटी, दोन्ही बाजूंनी द्रुतगती मार्गाने इथे येता येतं. पाऊस सरल्यावर इथे परिषद भरवावी आणि मुख्य परिषदेआधी दोन दिवस तरुणांचेच ठेवावेत. त्यातली एक सकाळ घाटातल्या पट्ट्यापाशी जावी: हातोडा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हातात, निर्जंतुक नळी भूशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या. मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय आधी बघावी, बसची नंतर. आणि संध्याकाळी प्राध्यापकांनी पहिला तासभर फक्त ऐकावं.